भूकंपानंतरची बाटली: दारू सोडवणारी गोळी उंदरांकडून आपल्यापर्यंत कशी आली

(एपिसोडमध्ये जे बोललो तेच इथे लिहून काढलंय. बोलताना अडखळलो ती एकदोन वाक्यं तेवढी सरळ केली आहेत.)

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर आईने दळण आणायला पिटाळलं असेल, हेडफोन नीट लावून घ्या. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या घरापासून करतोय.

मी किल्लारीचा. म्हणजे नव्या किल्लारीचा. माझा जन्मच भूकंपानंतरचा. जुनं गाव मी पाहिलं ते पडक्या चौथऱ्यांचं आणि बाभळी उगवलेलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरं त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली गेली.

हे सगळं तुम्ही ऐकलेलं असतं. दर सप्टेंबरला पेपरात येतं. जे पेपरात फारसं येत नाही ते आमच्या घरात तात्यांचं झालं.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांची आई आणि चार वर्षांची मुलगी त्या रात्री गेली. तात्या आणि मोठी आई वाचले. घरात सगळे एक गोष्ट सांगतात, आणि ती मला लहानपणी कधी कळायची नाही. पहिले कितीतरी महिने तात्या दारूला शिवले नाहीत. ढिगारे उपसले, पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, दुसऱ्यांच्या माणसांना अग्नी दिला. गावात त्यांचं नाव झालं, असा खंबीर माणूस बघितला नाही म्हणून. मग नवं घर मिळालं. कुलूप उघडलं, भांडी लावली, सगळं जागेवर आलं. आणि तात्या प्यायला लागले.

"आता काय झालं याला? आता तर सगळं चांगलं चाललंय." गावाने असं म्हटलं. भरपाईचा पैसा डोक्यात गेला, असंही म्हटलं.

मी इंजिनिअर आहे, पुण्यात कोड लिहितो. मेडिकलचा माझा काही संबंध नाही. पण मागच्या वर्षी एका गोळीचा इतिहास वाचता वाचता मला एका उंदराची गोष्ट सापडली. ती वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि तात्यांना फोन लावला. ती गोष्ट आज सांगतो.

दोन बाटल्या आणि एक पिंजरा

आधी पद्धत समजून घेऊ, कारण ती भारी सोपी आहे. पिंजऱ्यात उंदीर. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावायच्या, एकात साधं पाणी, दुसऱ्यात पाण्यात मिसळलेलं थोडं अल्कोहोल. रोज दोन्ही बाटल्या मोजायच्या. कुठली किती कमी झाली, बस. मग उंदराला एखादं औषध द्यायचं आणि परत मोजायचं. दारूची बाटली कमी रिकामी झाली आणि पाण्याची नेहमीसारखी झाली, तर औषधात काहीतरी दम आहे. दोन्ही कमी झाल्या तर समजायचं की उंदीर नुसता सुस्त पडलाय.

अडचण एकच. बहुतेक उंदरांना दारू आवडत नाही. वास आला की तोंड फिरवतात. म्हणून फिनलंडमध्ये, तिथल्या सरकारी दारू कंपनीच्या प्रयोगशाळेत, १९६० च्या दशकात एक उद्योग झाला. जास्त पिणाऱ्या उंदरांची आपसात पैदास, न पिणाऱ्यांची आपसात पैदास, असं पिढ्यान् पिढ्या. शेवटी दोन घराणी तयार झाली. एक घराणं आपणहून दारूच्या बाटलीकडे जाणारं, दुसरं तिच्याकडे ढुंकूनही न बघणारं. उंदराला ना सासुरवास, ना कर्ज, ना वाईट संगत. तरी फरक पडला. म्हणजे पिण्याचा काही भाग रक्तातूनच येतो, हे तिथे दिसलं.

त्याच दशकात डेव्हिड सिंक्लेअर नावाच्या अमेरिकन संशोधकाने दुसरी गोष्ट पाहिली. हा माणूस पुढे फिनलंडलाच गेला. दारूची सवय लागलेल्या उंदरांची बाटली त्याने काढून घेतली. काही आठवड्यांनी परत लावली. अपेक्षा काय? विसरले असतील. झालं उलटं. उंदीर आधीपेक्षाही जास्त प्यायले. आपल्याकडे श्रावण पाळून पोळा झाला की काही जण जे करतात, अगदी तेच.

सशांनी न सांगितलेली गोष्ट

आता पहिली गोळी. डायसल्फिरम. आपल्याकडे "दारू सोडायची गोळी" म्हटलं की अजूनही बहुतेक वेळा हीच.

हिचा जन्म रबराच्या कारखान्यातला. रबर पक्कं करायला हे रसायन आणि त्याची भावंडं वापरायचे. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने, ई. ई. विल्यम्सने, लिहून ठेवलं की अशा रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. घोटभर घेतली की तोंड लाल, छातीत धडधड. पण त्यावर पुढे कोणी काही केलं नाही.

मग १९४० च्या दशकात कोपनहेगनला एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोघे एका औषध कंपनीत काम करत होते. त्यांना दारूशी काही घेणंदेणं नव्हतं. ते पोटातल्या जंतांवर औषध शोधत होते. जंत झालेल्या सशांना डायसल्फिरम दिलं, ससे बरे झाले. मग या दोघांनी माणसाला सोसतं का बघायला गोळ्या स्वतःच खाल्ल्या. काही झालं नाही. पण नंतर कधीतरी दारू घेतली आणि दोघांची अवस्था वाईट. आपसात बोलले तेव्हा लक्षात आलं की दोघांनाही तसंच झालंय. १९४८ मध्ये त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि जंतांचं औषध दारूचं औषध झालं.

बघा, सशांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. औषध सोसतं एवढं त्यांनी बरोबर सांगितलं. पण ससा जेवणाआधी पेग मारत नाही. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट सशांकडून कळणं शक्यच नव्हतं.

ही गोळी काम कसं करते? दारू पोटात गेली की शरीर तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, हे विषारी. मग दुसरं एक एन्झाइम त्याचा लगेच निपटारा करतं. डायसल्फिरम त्या दुसऱ्या एन्झाइमलाच अडवतं. विष साचतं. तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, उलट्या, नाडी पळते, रक्तदाब खाली येतो. सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टर मोठे डोस द्यायचे, त्यात माणसं दगावली, म्हणून डोस कमी केले गेले. आणि शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो.

थोडक्यात, ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही. ती दारापाशी काठी घेऊन उभी राहते. काठी आहे हे माहीत असेल तरच तिचा उपयोग. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तो उंदीर

दुसरी गोळी वेगळ्या जातीची. नाल्ट्रेक्सोन. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालं, १९८४ मध्ये अफू-हेरॉइनच्या व्यसनासाठी मंजूर झालं. मेंदूत अफूसारख्या पदार्थांना बसायला ज्या जागा असतात, त्या हे औषध अडवून धरतं. आपलं शरीर स्वतःही अफूसारखं काहीतरी बनवतं, त्याला एंडॉर्फिन म्हणतात. दारू प्यायल्यावर ते सुटतं, म्हणून बरं वाटतं. मग ती जागाच अडवली तर?

१९८० मध्ये ऱ्हीसस माकडांवर हे करून पाहिलं. ही माकडं स्वतः कळ दाबून दारू घ्यायला शिकलेली होती. नाल्ट्रेक्सोन दिल्यावर त्यांचं कळ दाबणं कमी झालं.

आणि आता तो उंदीर. फिलाडेल्फियात जोसेफ व्हॉल्पिसेली नावाचा संशोधक उंदरांना विजेचे झटके द्यायचा. झटका कधी बसेल ते कळत नाही, टाळता येत नाही, थांबवता येत नाही. सोबत दारूची बाटली ठेवलेली. तेव्हाची समजूत अशी की जीव घाबरला की पितो. म्हणजे झटक्यांच्या दिवशी उंदीर जास्त पिणार.

तसं झालं नाही. झटके चालू असताना उंदरांचं पिणं वाढलं नाही. ते वाढलं झटके थांबल्यावर. सगळं शांत झालं, पिंजरा सुरक्षित झाला, आणि मग उंदीर बाटलीकडे गेले.

मी इथे थांबलो होतो. पत्र्याच्या शेडमध्ये न पिणारे तात्या आणि नव्या घराचं कुलूप उघडल्यावर पिणारे तात्या.

व्हॉल्पिसेलीने याचं कारण असं मांडलं. संकट चालू असतं तेव्हा शरीर स्वतःचं एंडॉर्फिन सोडत असतं, त्यावर जीव तग धरतो. संकट संपलं की तो पुरवठा घसरतो. आत एक खड्डा पडतो. दारू तो खड्डा थोडा वेळ भरते. खरंच असं असेल, तर एंडॉर्फिनची जागा अडवणाऱ्या औषधाने हे नंतरचं पिणं थांबायला हवं. १९८६ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नाल्ट्रेक्सोन दिलेल्या उंदरांत झटक्यांनंतरची ती वाढ होत नाही.

मग माणसं. १९९२ मध्ये त्याच गटाने दारूचं व्यसन असलेल्या ७० पुरुषांवरची १२ आठवड्यांची चाचणी छापली. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत ५४ टक्के पुन्हा पूर्वीसारखे प्यायला लागले, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांत २३ टक्के. त्याच वर्षी येलच्या स्टेफनी ओमॅली यांच्या चाचणीतही फायदा दिसला. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ही गोळी दारूसाठी मंजूर झाली.

तारखा जुळवून बघा. आमचा भूकंप सप्टेंबर १९९३ चा. "संकट संपल्यावर पिणं वाढतं" हे शास्त्राला तेव्हा दहा वर्षं माहीत होतं. आमच्याकडे इंजिनिअर आले, भूगर्भशास्त्रज्ञ आले, जागतिक बँकेचं कर्ज आलं, भूकंपात टिकतील अशी घरं आली. डोक्याचे डॉक्टरही थोडे आले. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका मानसोपचाराच्या जर्नलमध्ये इथल्या वाचलेल्या लोकांवरचा एक छोटा अभ्यास छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना मानसिक आजाराचं निदान झालं होतं, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. पण तात्यांपर्यंत यातलं काही पोचलं नाही. तात्यांपर्यंत पोचली ती पुडी.

आता एक सावधगिरी. उंदराला बसलेला झटका आणि माणसाची मुलगी जाणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. उंदरांनी किल्लारीबद्दल काही सिद्ध केलेलं नाही. पण त्यांनी एक गोष्ट नक्की केली. "आता तर सगळं चांगलं चाललंय, मग का पितो?" या प्रश्नातला टोमणा त्यांनी काढून घेतला. त्यासाठी त्या मुक्या जनावरांना झटके सोसावे लागले, हेही विसरू नये.

पुडी

आपल्या भागात भिंतींवर जाहिराती असतात, तुम्ही पाहिल्या असतील. दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता. मोठ्या आईने आठवडी बाजारात कोणाकडून तरी अशी पुडी आणली. आत काय होतं ते आजही आम्हाला माहीत नाही, पण पुढे जे झालं ते डायसल्फिरमसारखंच होतं. तिने ती वरणात कालवली. तात्या जेवले, संध्याकाळी बाहेर जाऊन प्यायले आणि चौकातच कोसळले. तोंड लाल, श्वास लागलेला. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वाचले.

मोठ्या आईला दोष द्यायची माझी हिंमत नाही. महाराष्ट्रातल्या बायकांकडे दारूशी लढायला होतं काय? गाव एकजूट झालं तर बाटली आडवी करायचं मतदान. त्याने दुकान बंद होतं, नवऱ्याचं पिणं बंद होतंच असं नाही. एकटीच्या हातात राहते पुडी.

पण जे झालं ते झालं. तात्यांनी तिच्या हातचं जेवण सोडलं. कितीतरी वर्षं स्वतः भाकरी थापायचे, जमेल तशी. आणि पिणं? ते वाढलं.

आता ते वाक्य आठवा. काठी आहे हे माहीत असेल तरच काठीचा उपयोग. न सांगता दिलेली गोळी माणसाला थांबवत नाही, नुसती पाडते. हृदय किंवा लिव्हर आधीच खराब असेल तर जीवही घेऊ शकते.

मुंबईतल्या एका अभ्यासात याची दुसरी बाजू दिसते. डॉ. अविनाश डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १०० पुरुषांवरची वर्षभराची चाचणी छापली. निम्म्यांना डायसल्फिरम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. अट अशी की गोळी रोज घेतली जाते ना हे बघणारं घरचं माणूस हवं. वर्षाच्या शेवटी डायसल्फिरम घेणाऱ्यांतले ८६ टक्के दारूपासून लांब होते, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांतले ४४ टक्के. ओढ मात्र नाल्ट्रेक्सोनवाल्यांत कमी होती. म्हणजे उंदरांत ज्या औषधाची कमाल दिसली ते इथे मागे पडलं, आणि सशांचं जुनं जंतांचं औषध पुढे गेलं. माझ्या मते फरक केला तो घरच्या माणसाने. तीच गोळी आणि तेच घर. फक्त इथे घेणाऱ्याला सगळं माहीत होतं.

प्रयोगशाळेत उंदराला "औषध घेतोस का" असं कोणी विचारत नाही. टोचतात आणि मोजतात. त्यामुळे औषध कसं काम करतं हे उंदराकडून कळतं. पण ते रोज सकाळी घ्यावंसं का वाटावं, हे कळत नाही. पुडी कालवताना आपण घरातल्या माणसाचा उंदीर करतो.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं, पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या मदतीने. तिथला भर बोलण्यावर, गटावर, घरच्यांना सोबत घेण्यावर. गोळी आणि गप्पा यांत भांडण नाही. गोळी थोडी जागा करून देते, त्या जागेत माणूस उभा राहतो.

नवीन औषधं येतच आहेत. अकॅम्प्रोसेट फ्रान्समधून आलं, १९८० च्या दशकात तेही आधी उंदरांवरच पाहिलं गेलं. अलीकडे वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइडची चर्चा आहे. उंदरांचं पिणं त्याने कमी झालं, आणि २०२५ मध्ये छापलेल्या ४८ जणांच्या छोट्या चाचणीत माणसांची ओढही कमी झालेली दिसली. पण ४८ म्हणजे ४८. रील बघून इंजेक्शन घ्यायला पळू नका.

फोन

तर मी तात्यांना फोन लावला. उंदराची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे उंदरालाबी मागून कळतंय म्हण की."

तात्यांची दारू आता सुटलीय. २०१७ मध्ये ते स्वतः लातूरला डॉक्टरकडे गेले. तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली. रोज सकाळी चहासोबत मोठी आई गोळी हातावर ठेवायची, तात्या तिच्यासमोर गिळायचे. दोनदा घसरले, दोनदा परत गेले. मी विचारलं, तेव्हा पुडीच्या वेळी मोठ्या आईने विचारलं असतं तर घेतली असती का?

"न्हाई," म्हणाले. "तवा न्हाई घेतली आसती, ह्ये खरं हाय. पर इचारलं आसतं तर तिच्या हातचं जेवण तरी सुटलं नसतं."

ही गोष्ट सांगायला त्या दोघांची परवानगी घेतलीय. मोठी आई म्हणाली, "सांग बाबा. कुणाच्या वरणात तरी पडायची ऱ्हाईल."

तुमच्या घरात असं कोणी असेल तर दोन गोष्टी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका, फिट येऊ शकते, डॉक्टर लागतो. आणि न सांगता काहीही कालवू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे सरकारी नंबर आहेत, फोन फुकट आहे.

आजचं इथेच थांबवतो. यंदा ३० सप्टेंबरला गावी असेन. जुन्या गावातल्या चौथऱ्यावर तात्या दरवर्षी जातात, मीही सोबत जाईन. येताना मोठ्या आईच्या हातची भाकरी खाऊ, दोघंही.